गरुड बघायला चाकणला

लोक आमच्याकडे येतात, आम्ही कुठे जात नाही. गुहागरजवळ आमच्या घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी काढलेल्या खोल्या आहेत, आणि शनिवार उजाडला की पुण्याकडच्या गाड्या अंगणात येऊन उभ्या राहतात. उतरणारी माणसं आधी वायफाय विचारतात, मग सुरमई विचारतात, आणि हात धुता धुता विचारतात, "काकू, इथे डॉल्फिन दिसतात ना?" मी इतकी वर्षं न चुकता "दिसतात की!" असं सांगत आले आहे. मला स्वतःला ते एकदाच दिसले, आणि तेही डॉल्फिन नसून पाण्यात पडलेलं पिंप होतं असं आमच्या ह्यांचं मत आहे.

तर अशी मी, गेल्या वर्षी मार्चमध्ये पोराबाळांच्या परीक्षांमुळे खोल्या रिकाम्या पडल्यावर, पर्यटनाला म्हणून चाकणला जाऊन आले. चाकणला लोक नोकरीला जातात, ट्रक घेऊन जातात, जमिनीचे व्यवहार करायला जातात. हवापालटासाठी गेलेली आमच्या आळीतली मी पहिलीच. गरुडाचं पिल्लू घरट्यातून पहिल्यांदा झेप घेतं ते बघायला चालले आहे असं सांगितल्यावर शेजारच्या वहिनींनी आमच्या ह्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू घरात काही बिनसलं असावं. परत आल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "मग, दिसलं का उडताना?" मी सगळ्यांना "नाही" सांगितलं. त्याचं कारण पुढे येईलच.

आमंत्रण

शालनताई त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्याकडे उतरल्या होत्या. चाकणच्या पुढच्या एका गावातलं मोठं कुटुंब, दोन गाड्या भरून आलेलं. बाकीचे समुद्रावर गेले आणि शालनताई माझ्या स्वयंपाकघरात आल्या. सोलकढी कशी करतात ते बघता बघता त्यांनी माझी भांडीही घासून टाकली. पाहुण्याने भांडी घासायची नसतात म्हटलं तर म्हणाल्या, "आवो ताई, समुद्र काय पळून चाललाय व्हय? तुमच्या हातचं कधी बगायचं मग?" निघताना म्हणाल्या, "आमच्याकडं या एकदा." सगळेच पाहुणे तसं म्हणतात. मीही सगळ्यांना म्हणते तसं "येऊ की" म्हटलं.

मग जानेवारीत मोबाइलवर त्यांचा एक फोटो आला. उंच आंब्याच्या शेंड्यावर काटक्यांचं मोठं घरटं आणि कडेला एक तपकिरी पक्षी. खाली आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला: "ताई, ही घार का गरुड? घाईनं सांगा. लई अडलंय."

मला कोंबडी आणि कावळा यापलीकडे पक्ष्यांचं काही कळत नाही. पण माझी मुलगी मुक्ता हिंजवडीला आयटीत आहे, आणि रविवारी दुर्बीण घेऊन माळावर फिरणाऱ्यांपैकी आहे. तिला फोटो पाठवला. तिने कळवलं, सुपर्ण गरुड, नक्की. मी ते जसंच्या तसं शालनताईंना सांगितलं आणि भाकरी उलटायला गेले. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, पिल्लं उडायला आलीत, बघायला या, आणि मी निघाले. माझ्या त्या एका शब्दाने तिकडे काय घडलं होतं ते मला तिथे गेल्यावरच कळलं.

मारुंजी

वाटेत एक मुक्काम मुक्ताकडे. मारुंजीत तिने आणि दोन मैत्रिणींनी मिळून फ्लॅट घेतलाय भाड्याने. खिडकीतून दिसते ती दुसरी इमारत, त्या इमारतीतून ही. फ्रिज उघडला तर आत सॉसच्या पुड्या आणि एक लिंबू. मी आणलेलं पोह्याचं मिरगुंड, आमसुलं, फणसाची साठं त्यात ठेवल्यावर फ्रिजला जरा माणूसपण आलं.

मुक्ता दिवाळीला दोन दिवस घरी येते, त्यातही मांडीवर लॅपटॉप असतो. पोरगी स्वतःच्या पायावर उभी आहे याचा मला अभिमान आहे आणि ती येत नाही याचं वाईट वाटतं, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं आहे. तिच्यापुढे मात्र मी पहिलंच बोलते.

"आई, एक लक्षात ठेव," दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवत ती म्हणाली, "पिल्लू मोठं झालं की आईबाप त्याला खायला कमी देतात. समोर उंदीर घेऊन बसतात, पण देत नाहीत. भुकेने ते उडतं. मध्ये कोणी पडायचं नाही."

"आणि उडालं की संपलं?"

"नाही गं. महिना-दोन महिने परत येतात घरट्याकडे, खायला. मग जातात."

महिना-दोन महिने तरी येतात, असं मी मनात म्हटलं.

आंब्याखाली

मला न्यायला शालनताईंचा मुलगा विक्रम गाडी घेऊन आला. तिशीचा, उमदा, बोलका, मनगटात जाड कडं. तळवडे ओलांडल्यावर गाड्यांची जी रांग लागली तिच्यात आम्ही इतका वेळ होतो की त्याच्या आयुष्याची हकिगत मला सगळी कळली. कंपनीत सुपरवायझर होता, शिफ्टला कंटाळून सोडली. आता घरच्या जमिनीवर मोठं गोडाऊन बांधून कंपनीला भाड्याने द्यायचं. नकाशा झालाय, कंपनी तयार आहे, पाडव्याला भूमिपूजन.

"मग अडलंय काय?" मी विचारलं.

"तुम्हीच अडवलंय ना मावशी," तो हसत म्हणाला. "तुम्ही गरुड म्हणालात."

मग सगळं बाहेर आलं. आंब्याचं झाड बरोबर त्या कोपऱ्यात आहे जिथे कंटेनरना वळायला जागा सोडायची आहे. झाड पाडायचं ठरलं. शालनताई म्हणाल्या, वर घरटं आहे, गरुडाचं आहे. विक्रम म्हणाला, घार आहे. आता देहू आणि आळंदी दोन्ही ज्या गावाच्या अंगणात, तिथे देवळात देवापुढे हात जोडून उभा असलेला गरुड सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेला. घार असती तर कोणी हरकत घेतली नसती. गरुडाच्या घरट्याला कुऱ्हाड लावायला मात्र झाड तोडणारेच तयार होईनात. भांडण वाढलं, निवाड्याला फोटो गुहागरला आला आणि मी भाकरी उलटता उलटता निकाल देऊन टाकला.

"मग मी आईला शब्द दिला," विक्रम म्हणाला. "पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावणार न्हाई. दोन्ही उडाली की पाडायचं. सगळ्या गावासमोर बोललोय. एक काल उडालं, तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. आता एकच राहिलंय."

म्हणजे ज्या झेपेला टाळी वाजवायला मी गुहागरहून आले होते, तिच्यामागोमाग करवत येणार होती. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी बहुधा घरीच लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसले असते.

गावात शिरलो तर कमानीजवळच मोठा फ्लेक्स. निळ्या आकाशात पंख पसरलेला गरुड, त्याखाली विक्रम गॉगल लावून, आजूबाजूला दहा-बारा तरुण गॉगल लावून, आणि अक्षरं: "आकाशाच्या राजाला पहिल्या उड्डाणाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवार." गरुडाचं डोकं पांढरंशुभ्र होतं.

"हा कुठला रे?" मी विचारलं.

"नेटवरून घेतला. अमेरिकेचाय. आपला जरा मळकट दिसतो फोटोत," विक्रम म्हणाला. तसाच दुसरा फ्लेक्स आंब्याच्या समोर, लोखंडी सांगाड्यावर उभा केलेला होता, म्हणजे घरट्यातून बाहेर बघितलं की पिल्लाला पहिल्यांदा तोच दिसावा.

आमच्याकडे वाढदिवसाला देवापुढे निरांजन लावतात आणि शेवयांची खीर होते. इथे वाढदिवस चौकात होतो, आणि ज्याचा आहे तो घरात झोपलेला असला तरी चालतं.

शालनताईंनी मला बघून हातातलं सूप खाली ठेवलं आणि मिठीच मारली. "आल्या वं! मी म्हनलं न्हवतं? येत्यात बगा!" त्यांच्या यजमानांना सगळं गाव आण्णा म्हणतं. आण्णा दारातल्या खाटेवर बसून असतात, फार बोलत नाहीत, पण मी आल्याचं त्यांनी तीनदा मान हलवून मान्य केलं.

झाड मी आल्या आल्या पाहिलं. कोकणातल्या बाईला आंब्याचं झाड दाखवणं म्हणजे तिची परीक्षाच घेणं. खोड चांगलं दोघांच्या कवेत न मावणारं, पण वर लटकलेल्या कैऱ्या गोटीएवढ्या. चव घेतली. दातच आंबले.

"कसाय?" शालनताईंनी विचारलं.

"सावली छान आहे," मी म्हटलं.

त्या मोकळ्या हसल्या. "आंबट ढाण हाय. कोन खात न्हाई. पन ह्या फांदीला विक्रमची झोळी असायची, ताई. मी कांदं काढायची आन हा वर झुलायचा. रडला की जाऊन झोका द्यायची, परत कांदं." त्यांनी फांदीकडे बोट दाखवलं. आजूबाजूला कांदा नव्हता, खडी पसरलेली होती आणि चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. "आता मी म्हनलं असतं की माझ्यासाठी झाड ठेवा, तर कुनी ठेवलं असतं का? म्हनले असते, आईचं काय ऐकायचं. म्हनून मी गरुडाचं नाव घेतलं. गरुडाचं ऐकत्यात."

गच्चीवर

घराच्या गच्चीवरून घरटं बरोबर समोर, डोळ्यांच्या पातळीत दिसतं. पुढचे दिवस मी आणि शालनताई गच्चीवरच होतो. त्या गव्हाच्या कुरडया वाळत घालायच्या, मी दुर्बीण लावायचे.

पहिल्याच सकाळी मी आरडाओरडा करून सगळं घर गोळा केलं. पिल्लू पंख हलवत होतं, नारिंगी पंख, वर-खाली, वर-खाली. आण्णासुद्धा खाटेवरून उठून वर आले. विक्रमने दुर्बीण घेतली, जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मावशी, तो हॅण्डग्लोव्हज आहे. कंपनीतला." घरट्याच्या कडेला कामगारांचा नारिंगी हातमोजा अडकला होता आणि वाऱ्याने हलत होता. नीट पाहिल्यावर घरट्यात आणखी बरंच काही दिसलं: खोकी बांधायच्या निळ्या पट्ट्या, केबलचा तुकडा, कुठल्यातरी गोणीचं अर्धं पोतं. औद्योगिक वसाहतीतला गरुड घर बांधताना जे जवळ मिळतं तेच वापरणार. माझ्या वाट्याला त्या दिवसापासून "ग्लोव्हजवाल्या मावशी" हे नाव आलं, ते शेवटपर्यंत.

खरं पिल्लू हातमोज्याच्या मागे बसलं होतं. मोठं, बावळट, मातकट रंगाचं, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपल्याला कोणीतरी काहीतरी देणं लागतं. मधूनच उठायचं, पंख पसरायचं, दोन उड्या मारायचं, वाऱ्याने जरा उचललं की दचकून खाली बसायचं आणि कोणी पाहिलं नाही ना अशा बेताने इकडेतिकडे बघायचं. त्याचं उडालेलं भावंड रस्त्यापलीकडे विजेच्या मोठ्या टॉवरवर बसलेलं असे. आई तिथेच, पायात उंदीर धरून. पिल्लू इकडून केकाटायचं, आई ढिम्म बसायची.

हे मी मुक्ताने सांगितल्याप्रमाणे शालनताईंना समजावून सांगितलं. भुकेने उडतं, मध्ये पडायचं नाही.

शालनताईंनी ऐकून घेतलं. "लेकराला दाखवून खायचं?" त्या म्हणाल्या. "आन असली आई?" आणि खाली जाऊन कोंबडीची कातडी, पाय, आतडी असं सगळं ताटलीत घेऊन आल्या आणि गच्चीच्या कठड्यावर मांडलं. रोजच मांडत असाव्यात, कारण थोड्याच वेळात बाप गरुड आला, कठड्यावर अगदी सरावल्यासारखा उतरला, कोंबडीचा एक पाय उचलला आणि घरट्यात नेऊन टाकला. आई टॉवरवर उंदीर घेऊन शिस्त लावत बसली होती आणि बापाच्या चोचीतून शालनताई पोराला भरवत होत्या. घरोघरी जे चालतं तेच.

"अहो, अशाने ते उडणारच नाही!" मी म्हटलं.

"न्हाई ना," शालनताई शांतपणे म्हणाल्या आणि कुरडई उलटली.

मी यजमानीणबाई आहे, पाहुण्याला दुसऱ्यांदा भात वाढणं हा माझा धंदा आहे, पण या गावच्या आग्रहापुढे मी हात टेकले. जेवायला बसलं की ताटात काही संपूच देत नाहीत. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण, तिसऱ्या दिवशी मासवडी. मासवडी म्हटल्यावर मी आशेने मान वर केली, पण ती बेसनाची असते, आत तीळ-खोबरं, मासा फक्त आकारात. चव मात्र अशी की पुढची तक्रार मी गिळून टाकली. "अजून एक," "अर्धीच," "माझ्यासाठी," असं करत मी इतकं जेवले की दुपारी जिना चढताना कठडा धरावा लागे. समोर घरट्यात पिल्लूही बसलं होतं, पोट पुढे काढून. आमची दोघांची अवस्था सारखीच होती.

विक्रम रोज संध्याकाळी साइटवरून यायचा, बूट काढता काढता ओरडायचा, "मावशी, उडालं का?" आई म्हणायची, "न्हाई बाबा." मग तो वर गच्चीवर येऊन पिल्लाशी बोलायचा. "चल की भावा. बास झालं आता. भावंड गेलं ना बघ तिकडं." कठड्यावरची ताटली त्याला दिसत नव्हती असं नाही. एकदा त्याने ती उचलली, वास घेतला, परत ठेवली आणि खाली जेवायला गेला. आईने त्याला विचारल्यासारखं करून, न विचारताच तिसरी भाकरी वाढली.

राग येईल असा मुलगा नव्हता तो. मोशीत मोठा फ्लॅट घेतलाय, आईबापांना तिथे न्यायचंय, लिफ्ट आहे, आईचे गुडघे दुखतात. हे सगळं त्याने मला मनापासून सांगितलं. शालनताईही ऐकत होत्या. नंतर म्हणाल्या, "अकरावा मजला हाय. गरुडाला बरं पडंल." मी हसले, आणि मग लक्षात आलं की त्या हसत नव्हत्या.

पाडवा

पाडव्याला सकाळीच गच्चीवर गुढी उभारली. आमच्यासारखीच, फक्त आमचा गडू तांब्याचा, इथे चांदीचा, आणि साखरेच्या गाठी मनगटाएवढ्या जाड. खाली प्लॉटवर मांडव, गुरुजी, झेंडूच्या माळा घातलेला जेसीबी, आणि बेंजोचं पथक. जेसीबीला कुंकू लावलं होतं. कडेला एका ट्रॅक्टरवर झाड तोडणारी माणसं करवत घेऊन बसली होती, निवांत, विड्या ओढत. पिल्लू गेले दोन दिवस फारच उड्या मारत होतं, म्हणून विक्रमने त्यांना बोलावून ठेवलं होतं. उडालं तर पाडव्याच्याच मुहूर्तावर झाड.

शालनताई खाली पूजेला गेल्या नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं. मीही त्यांच्याबरोबर वर राहिले. त्या दिवशी कठड्यावर ताटली नव्हती, सणाच्या दिवशी मांसाहाराला बंदी. मला वाटतं, त्यातच सगळं आलं. दोन्ही गरुड दोन-तीनदा कठड्यावर येऊन रिकाम्या हाताने परत गेले. घरट्यातलं केकाटणं बेंजोच्याही वर ऐकू येत होतं. शालनताई साखरेच्या गाठीला हात लावून उभ्या होत्या, समोर बघत. "भूक लागली त्येला," त्या एवढंच म्हणाल्या.

नारळ फुटला. फोटोग्राफरने सगळ्यांना एका बाजूला गोळा केलं, मागे फ्लेक्स आणि आंबा येईल असं. फेटे बांधलेले पुरुष, नऊवारीतल्या बायका, मध्ये विक्रम आणि त्याची बायको, कडेला आण्णा. सगळ्या गावाची पाठ झाडाकडे, आणि फोटोग्राफरचं व ट्रॅक्टरवरच्यांचं लक्ष फेट्यांकडे. "आण्णा, फेटा सरळ! मागच्यांनी माना वर! हसा!" बेंजोवाल्यांनी जोर केला.

आणि पिल्लू उडालं.

म्हणजे आधी पडलं. कडेवरून पाय सुटला असावा. मग ते पंख, ज्यांची इतके दिवस नुसती झाडलोट चालली होती, उघडले. एवढे मोठे असतील असं मला वाटलंच नव्हतं. फांद्यांच्या खाली गेलेलं पिल्लू वर आलं, तिरपं झालं, खडीवरून, चुन्याच्या रेघांवरून, झेंडूच्या जेसीबीवरून त्याची सावली गेली, आणि कुठे थांबायचं हे न कळल्यामुळे ते सरळ समोरच्या फ्लेक्सच्या सांगाड्यावर जाऊन आदळल्यासारखं बसलं. गॉगल लावलेल्या विक्रमच्या बरोबर डोक्यावर. डोललं, पंखांनी तोल सावरला. मग दोन धडपडत्या फटकाऱ्यांत परत आंब्यावर आणि आंब्यावरून घरट्यात. हातमोज्याशेजारी. इकडेतिकडे बघत.

आयुष्यात इतकं सुंदर काही मी थोडंच पाहिलंय. माझ्या तोंडून मोठ्याने "अगं बाई!" निघालं.

बेंजो नेमका थांबला होता. खालून विक्रमने वर बघितलं. त्याच्यामागोमाग सगळं गाव. ट्रॅक्टरवरच्या एकाने विडी टाकली आणि उभा राहिला.

"मावशी! काय झालं? उडालं का?"

घार का गरुड हा निवाडा माझा होता, त्यामुळे उडालं का नाही हाही माझाच असणार, हे सगळे धरूनच चालले होते. मी शालनताईंकडे बघितलं. त्यांनी पाहिलं होतं. डोळे भरलेले होते, आनंदाने का कशाने ते मला सांगता येणार नाही. त्या गुढीचं वस्त्र उगाच सरळ करत राहिल्या.

आयुष्यभर न दिसणारे डॉल्फिन मी हजारो लोकांना दाखवले आहेत. एकदा दिसलेला गरुड झाकायला मला काही जड गेलं नाही.

"नाही रे," मी खाली ओरडले. "चष्मा पुसत होते. साखरेची गाठी पडली, म्हणून ओरडले."

"आई, तू?"

"मी गुढी सावरत व्हते बाबा," शालनताई म्हणाल्या.

विक्रमने आंब्याकडे बघितलं. पिल्लू घरट्यात बसलेलं, आणि केकाटत होतं, जसं काही कधी हललंच नव्हतं. ट्रॅक्टरवरचा माणूस परत बसला. गावाने सुस्कारा टाकला आणि श्रीखंडपुरीकडे मोर्चा वळवला.

दुपारी मुक्ताचा फोन आला. "आई, उडालं का गं?" तिलाही मी नाही म्हटलं. खोटं एकदा बोललं की सगळ्यांना सारखंच सांगावं, नाहीतर गोंधळ होतो. "अरेरे," ती म्हणाली, "एवढी गेलीस आणि..." मग जरा थांबून म्हणाली की मे महिन्यात सुट्टी टाकून घरी येईन म्हणते, आंबे खायला. मी म्हटलं ये, आणि आवाज नेहमीसारखा ठेवला.

परत

मी घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी विक्रमने फोटो पाठवला. भूमिपूजनाचा, सगळं गाव ओळीने हसतंय, आण्णांचा फेटा सरळ. मागे फ्लेक्स. आणि फ्लेक्सच्या वरच्या कडेवर, अमेरिकेच्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या अगदी वर, पंख अर्धे उघडे टाकून, तोल सावरत बसलेलं आमचं मळकट पिल्लू. स्वच्छ, ठळक, कोणीही ओळखेल असं.

फोटोखाली त्याने लिहिलं होतं: "मावशी, गावच्या ग्रुपवर वरचा भाग कापून टाकलाय. हा पूर्ण फक्त तुम्हाला. पिल्लू उडालं न्हाई ना?"

मी लिहिलं, "नाही रे बाबा. मी चष्मा पुसत होते."

त्याने नुसता अंगठा पाठवला.

आता वर्ष होत आलं. गोडाऊन उभं राहिलंय, फ्लॅटही झालाय, तिथे विक्रम आणि त्याची बायको राहतात आणि रोज संध्याकाळी जेवायला गावी येतात. शालनताई गावातच आहेत. फोन केला की मी विचारते, "काय म्हणतंय पिल्लू?" त्या म्हणतात, "हाय की. बसलंय." पावसाळ्यातही बसलेलं होतं, दिवाळीतही. मुक्ता म्हणते असं होऊच शकत नाही, एव्हाना ते कुठच्या कुठे गेलं असेल. ती पक्ष्यांबद्दल बोलते, आणि बरोबरच बोलते.

आंबा कोपऱ्यात उभा आहे. कंटेनर मागे घेताना ड्रायव्हरांचे हाल होतात, दोनदा-तीनदा पुढेमागे करावं लागतं. परप्रांतातून आलेले ड्रायव्हर शिव्या घालतात, विचारतात, हे झाड मध्येच कशाला ठेवलंय. शालनताई सांगतात, अशा वेळी विक्रम स्वतः जातो, गाडीच्या मागे उभा राहतो आणि हात हलवून वळण दाखवतो.

"आने दे, आने दे... बास. भावा, जरा जपून घे. वर पिल्लू हाय, उडायचंय अजून."